पहाटे घरी कोण असतं

चि. बाबू यास,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तुझा फोन झाल्यावर बाबा अंगणात जाऊन बसले, ते दिवेलागणीपर्यंत आत आले नाहीत. रागावले नव्हते. "झील नोकरी सोडतलो म्हणता," एवढंच बोलले. फोनवर मला नीट सांगता येत नाही, तुझ्याकडे लोकलचा आवाज आणि आमच्याकडे मधेच रेंज जाते. म्हणून लिहितेय. सावकाश वाच.

तू म्हणालास, सिनेमा करायचाय, आणि ज्याला खरंच काही करायचंय त्याला घरादाराची राखरांगोळी करावीच लागते. आणि दाखला म्हणून सिनेमांची नावं घेतलीस. बाबू, ते सगळे मी पाहिलेत. दिवाळीत टीव्हीला ते यंत्र जोडून गेलास ना, तेव्हापासून दुपारची भांडी आवरली की मी तेच बघते. काही दोनदा पाहिले. तुला त्यांत जे दिसलं ते मला दिसलं नाही असं नाही, पण माझी नजर दुसरीकडेच जात राहिली.

तुझा आवडता 'कागज के फूल' घे. रिकाम्या स्टुडिओत वरून पडणारा तो उजेडाचा झोत, कॅमेरामन व्ही. के. मूर्तींची करामत, तू त्यावर तासभर बोलू शकतोस. १९५९ साली लोकांनी तो सिनेमा नाकारला, गुरुदत्तने पुन्हा दिग्दर्शक म्हणून आपलं नाव लावलं नाही आणि एकोणचाळिसाव्या वर्षी तो गेलाही. वाईट वाटतंच. पण मी सिनेमाभर त्यातल्या दिग्दर्शकाच्या मुलीकडे, पम्मीकडे बघत होते. शाळेतल्या मुली बापावरून टोचून बोलतात, आणि ते एवढंसं पोर बापाच्या त्या नटीपुढे जाऊन उभं राहतं. बापाची कला मोठी असेल, पण हे त्या पोरीच्या वाट्याला यावं की नाही, हे तिला कोण विचारणार होतं?

आता जे सांगते ते तुझ्या लक्षात आलंय का बघ. २०१० च्या जानेवारीत दोन मराठी सिनेमे थिएटरात आले, 'नटरंग' आणि 'हरिश्चंद्राची फॅक्टरी'. दोन्हींत कलेपायी वेडा झालेला माणूस, आणि दोन्हींत त्याची बायको झालीय ती विभावरी देशपांडे. नटी एकच, पण संसार किती वेगळे! 'नटरंग'मधल्या गुणाला तमाशात राजा व्हायचं असतं. फडाला नाच्या मिळेना म्हणून तो स्वतःच नाच्या होतो, आणि घरी कळतं तेव्हा सगळं ठरून गेलेलं असतं. तिकडे फाळके घरातलं एकेक सामान विकतात, पण सरस्वतीबाई त्या वेडात पहिल्या दिवसापासून सामील. खऱ्या सरस्वतीबाईंनीही पडेल ते केलं, फिल्मला भोकं पाडली, सगळ्या मंडळींचा स्वयंपाक रांधला. गरिबी दोन्ही घरांत आहे. एका घरात बायकोला विचारलंय, एका घरात नाही. मी तो 'नटरंग' अर्ध्यात बंद करून मागल्या दारी जाऊन उभी राहिले होते. का, ते आज सांगते. इतकी वर्षं तुला सांगितलं नाही.

तू दोन वर्षांचा होतास. बाबा तेव्हा दशावतारी नाटकाच्या कंपनीत स्त्रीपार्ट करायचे आणि त्यांचं काम बघायला पाच-पाच गावांची माणसं यायची. दशावतारात लिहिलेलं काही नसतं हे तुला ठाऊक आहे. संध्याकाळी आख्यान ठरतं आणि रात्री उभं राहून बोलायचं. समोर पायपेटी, पखवाज, झांज, राजाला सिंहासन म्हणून एक बाकडं. बस्स. त्या रात्री आख्यान होतं राजा हरिश्चंद्राचं आणि बाबा होते तारामती. नेसायला माझी लग्नातली साडी नेली होती. इकडे तुला तापाने झटके यायला लागले. पाऊस नव्हता, पण रात्री गाडी कुठली मिळायला! शेजारच्या काकांनी तुला खांद्यावर घेऊन दवाखाना गाठला. मी मागून कंदील घेऊन धावत होते. वाटेत देऊळ लागलं. सभामंडपात तुझे बाबा रोहिदासाचं प्रेत मांडीवर घेऊन आक्रोश करत होते आणि बायका पदर डोळ्यांना लावून रडत होत्या. मी थांबले नाही. थांबून हाक मारली असती तर ते आले असते का, हे मला आजही माहीत नाही, आणि मी कधी विचारलंही नाही.

पहाटे कालो फुटून खेळ संपल्यावर ते घरी आले. तोंडाला खोबरेल लावून रंग पुसत होते तेव्हा मी सांगितलं. हातातला फडका तसाच राहिला. अर्ध्या तोंडावर तारामती तशीच होती.

त्यांना मी दोष देत नाही. आजोबांच्या वेळी पेटारे डोक्यावरून न्यायचे, म्हणून आपल्याकडे म्हणतात, रात्री राजा आणि सकाळी डोक्यावर बोजा. यांच्या वेळेला टेम्पो आला, पण बोजा होताच. एका हंगामाचे पैसे मालकाने बुडवले, त्या वर्षी आपण काजूबिया विकून पावसाळा काढला. पोटाची ओढाताण मी सोसली आणि पुन्हा सोसेन. सल एवढाच आहे की मला कोणी विचारलं नाही. लग्नाआधी नाही, नंतर नाही. विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं, रे. त्यांची तारामती मीही पाहिली होती. असा माणूस घरात बसवून ठेवायचा नसतो, हे मला न सांगता कळत होतं.

आता तुझं. तू 'द डिसायपल'चं नाव घेतलं नाहीस. मुद्दाम टाळलंस का? चैतन्य ताम्हाणेचा, २०२० चा, व्हेनिसला पटकथेचं बक्षीस मिळालेला. रात्रीच्या मुंबईत गाणं शिकणारा शरद मोटारसायकल चालवतोय, कानात त्याच्या गुरूंच्या गुरू माईंचं बोलणं, सुमित्रा भाव्यांच्या आवाजातलं. किती शांत, किती कठोर. शरद सगळं सोडतो. लग्न लांबवतो, पैशाकडे बघत नाही, गुरूच्या अंगाला तेल चोळतो, त्यांच्या औषधपाण्याचं बघतो. तंबोऱ्यापुढे वर्षामागून वर्षं जातात. आणि गाणं येत नाही. येतं, पण जसं यायला हवं तसं येत नाही, आणि ते त्यालाच सगळ्यांत आधी कळतं. तो सिनेमा पाहून मला रात्रभर झोप नव्हती. कारण मला तुझी भीती हीच आहे. तू उपाशी राहशील याची नाही. सोडलेल्या गोष्टी मोजून तू आपली कला मोजशील, याची आहे. एवढं सोडलं म्हणजे काहीतरी मिळालंच पाहिजे, असा हिशेब शरदनेही केला असणार.

आणि 'मी वसंतराव' बघ. गायक वसंतराव देशपांड्यांनी लष्कराच्या हिशेब खात्यात कितीतरी वर्षं कारकुनी केली. खर्डेघाशी करून घरी यायचं आणि गायचं. १९६७ साली 'कट्यार काळजात घुसली' नाटक रंगभूमीवर आलं तेव्हा खाँसाहेब झालेले वसंतराव सत्तेचाळीस वर्षांचे होते. त्या कारकुनीने त्यांचं गाणं मेलं नाही. नोकरी धर असं मी म्हणत नाही, नीट वाच. नोकरी सोडल्याने कोणी दिग्दर्शक होत नाही आणि धरल्याने कोणाचं अडत नाही, एवढंच मला दिसलं. दिवाळीत तू म्हणालास, दोन वर्षांत एकही गोष्ट पुरी लिहून झाली नाही, वेळ मिळत नाही. पण रोज रात्री सिनेमा बघायला मिळतो ना? तेवढ्या वेळात पानभर लिही. चार महिने लिही. मग सोड, मी तुला अडवणार नाही.

तुझ्या आयुष्यात उद्या कोणी येईल. तिला आधी विचार. सिनेमाच्या पडद्यावर ती कोपऱ्यात उभी असते, कॅमेरा तिच्यावरून सरकतो आणि पुन्हा त्याच्यावर जातो. तू कधी सिनेमा केलास तर तिथे जरा थांबव.

गेल्या वर्षी बाबांना घेऊन तालुक्याला 'दशावतार' सिनेमा बघायला गेले होते. दिलीप प्रभावळकर ऐंशी ओलांडून बाबुली मेस्त्री करतात, डोळे अधू झालेला दशावतारी, आणि मुलगा म्हणतो आता पुरे. बाबा सबंध वेळ हातांकडे बघत होते. घरी येताना एकच म्हणाले, "किरीट घातल्यार मान कशी ठेवची, ता तेका कळलाहा." मग बऱ्याच वेळाने, टेम्पोत, "तेचो झील तेका थांब म्हणता. माझो माका कधी म्हणलो नाय." मला कळेना की ते बरं वाटून म्हणाले की वाईट. तू विचार त्यांना. तुम्ही दोघं एकमेकांशी पिकाचं आणि क्रिकेटचं सोडून काही बोलत नाही.

मार्गशीर्षात देवीची जत्रा आहे. बाबा आता स्त्रीपार्ट करत नाहीत, पण यंदा कंपनीने हौसेने बोलावलंय, पुन्हा तारामती. दोन दिवसांची रजा काढ आणि ये. कॅमेरा आणलास तर आण. पुढे गर्दीत बसू नकोस, रंगपटात बस, त्यांना साडीच्या निऱ्या घालताना बघ. आता हात कापतात, टाचण्या लावायला कोणीतरी लागतं. पहाटे त्यांच्याबरोबर चालत घरी ये. मी चुलीवर पाणी तापवून जागी असेन.

तब्येत सांभाळ. वडापाववर राहू नकोस.

तुझी
आई

ता. क. येताना दादरहून तोंडाच्या रंगाची डबी आण, गुलाबी. इथली त्यांच्या कातडीला सोसत नाही. आणि साडी मी काढून ठेवलीय, तीच, लग्नातली. या वेळी त्यांनी विचारून घेतली.