परग्रहांचा शोध आणि छोटी दुर्बीण

संपादक महोदय,

परग्रहांच्या, म्हणजे सूर्याखेरीज इतर ताऱ्यांभोवती फिरणाऱ्या ग्रहांच्या, बातम्यांत अंतराळ दुर्बिणींना मिळणारे श्रेय रास्तच आहे; परंतु त्यामुळे हे काम हौशी निरीक्षकाच्या आवाक्याबाहेरचे आहे, असा समज रुजतो आणि तो चुकीचा आहे. अशा दूरच्या ताऱ्यासमोरून त्याचा ग्रह सरकल्याची, म्हणजे अधिक्रमणाची, पहिली नोंद झाली ती १९९९ साली. त्या वेळी खगोलशास्त्रज्ञ डेव्हिड शार्बोनो आणि सहकाऱ्यांनी एचडी २०९४५८ या ताऱ्यासाठी वापरलेल्या दुर्बिणीचा व्यास जेमतेम १० सेंटिमीटर होता. दर साडेतीन दिवसांनी सुमारे तीन तास या ताऱ्याचा प्रकाश दीड टक्क्याने घटतो, आणि एवढी घट आजच्या साध्या कॅमेऱ्यालाही टिपता येते.

मात्र त्यासाठी शिस्त लागते. ताऱ्याची प्रतिमा मुद्दाम किंचित अस्पष्ट ठेवावी लागते, म्हणजे प्रकाश अनेक पिक्सेलांवर पसरतो. चित्रचौकटीतल्या साधारण तेवढ्याच तेजाच्या ताऱ्यांशी त्याची सतत तुलना करावी लागते. आणि अधिक्रमणाच्या आधीचा व नंतरचा तासभरही नोंदवावा लागतो, कारण तारा क्षितिजाकडे झुकू लागला की वातावरणाचा वाढता थर आलेखाला खोटा उतार देतो.

नवा ग्रह आपणच शोधू, या आशेने कोणी सुरुवात केली तर बहुधा निराशा पदरी पडेल. खरी निकड आहे ती माहीत असलेल्या ग्रहांचे वेळापत्रक अचूक राखण्याची. साडेतीन दिवसांच्या प्रदक्षिणाकाळात अवघ्या दहा सेकंदांची चूक असली, तरी ती साचत जाऊन पाच वर्षांत अधिक्रमणाची वेळ जवळजवळ दीड तासाने हुकते, आणि मोठ्या दुर्बिणीचा मोलाचा वेळ वाया जाऊ शकतो. शिवाय परग्रह शोधणाऱ्या ‘टेस’ या अंतराळ दुर्बिणीचा एकेक पिक्सेल आकाशाचा २१ विकलांचा (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) भाग व्यापतो, त्यात शेजारी एकमेकांना ग्रहण लावणारी ताऱ्यांची जोडी आली, तर ग्रहाचा आभास होतो. घट नेमक्या कोणत्या ताऱ्यात झाली, हे जमिनीवरची छोटी दुर्बीण कित्येकदा एका रात्रीत सांगू शकते.

म्हणून विनंती अशी, की नव्या परग्रहाच्या बातमीसोबत ताऱ्याची दृश्यप्रत (तो किती तेजस्वी दिसतो याचे माप), प्रकाशातील घट आणि प्रदक्षिणाकाळ हे तीन आकडे छापावेत. आपल्या दुर्बिणीतून ते अधिक्रमण टिपता येईल का, हे त्यावरून वाचकाला लगेच ठरवता येईल.

आपला,
एक आकाशनिरीक्षक