पाढ्यांची घाई आणि दहाचा गठ्ठा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

शाळा सुरू झाल्या की पहिलीच्या पालकांकडून पहिली विचारणा होते ती पाढ्यांची. ‘आमच्या पोराला दहापर्यंत येतात, वीसपर्यंत कधी घेणार?’ पाहुण्यांसमोर पोर धडाधडा पाढे म्हणते, घरचे सुखावतात. त्याच पोराला पाटीवर ‘सत्तावीस’ लिहायला सांगा, ते ७२ लिहिते. ‘एकशे पाच’ सांगा, १००५ लिहिते. कवठेमहांकाळ भागातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत पहिली-दुसरीच्या वर्गांवरच माझी बहुतेक नोकरी गेली. त्या अनुभवावरून हे पत्र लिहिते आहे.

७२ किंवा १००५ लिहिणारे मूल धांदरट नसते. ‘सत्तावीस’मध्ये त्याला सात आधी ऐकू येतात, म्हणून ते सात आधी लिहिते. ‘एकशे’ ऐकले की १०० लिहिते आणि ‘पाच’ ऐकले की त्यापुढे ५ मांडते. कानाने ऐकले ते हाताने उतरवले. त्याला माहीत नाही ते एवढेच, की आकडा कोणत्या घरात बसला यावर त्याची किंमत ठरते. हे न शिकवता आपण पाढ्यांवर उडी मारतो.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ असे संख्यावाचन आले, तेव्हा केवढा गदारोळ झाला! विधिमंडळापर्यंत विषय गेला. गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर शांतपणे सांगत होत्या की जुनी नावेही पुस्तकात आहेत आणि ही सोय मुलांसाठी आहे. आमच्या जिल्ह्यात तर याचा दाखला शेजारीच आहे. जत तालुक्यात कन्नड माध्यमाच्या शाळा आहेत. तिथले मूल एकवीसला ‘इप्पत्तोंदु’ म्हणते, म्हणजे आधी वीस, मग एक, आणि लिहितेही त्याच क्रमाने. मराठी मुलाला बोलायचे एका क्रमाने आणि लिहायचे उलट्या. म्हणून आपली नावे टाकून द्यावीत असे मी मुळीच म्हणत नाही. एकोणतीस, त्रेपन्न, अठ्ठ्याहत्तर ही नावे मुलांच्या तोंडी राहिलीच पाहिजेत. पण वाद नावांवरच थांबला आणि नावामागचे दशक-एकक वर्गात कसे पोचवायचे, हा प्रश्न मागे पडला याचे मला आजही वाईट वाटते.

ते पोचवायला खर्च नाही. ज्वारीच्या धाटाचे तुकडे, चिंचोके, आइस्क्रीमच्या काड्या, काहीही चालते. दहा काड्या झाल्या की रबर लावायचे आणि गठ्ठा बाजूला ठेवायचा. रबर मुलानेच लावले पाहिजे, बाईंनी नव्हे. दोन गठ्ठे आणि सात सुट्या काड्या समोर ठेवून ‘सत्तावीस’ म्हटले की सात कुठे लिहायचा हे सांगावे लागत नाही. असे दहा गठ्ठे एकत्र बांधले की शंभराचा भारा होतो. एक भारा, एकही गठ्ठा नाही, पाच सुट्या: मधले शून्य का लिहायचे ते मूल स्वतःच सांगते.

यानंतर टप्प्याने मोजणे. इथे फार मोठी गल्लत होते. पाचाच्या टप्प्याने मोजणे म्हणजे पाचाचा पाढा, असे समजून आपण पुढे जातो. मग मुलाला म्हणा, ‘तीनपासून पाच-पाच पुढे जा.’ पाढा तोंडपाठ असलेले मूल इथे अडते. गठ्ठे हाताळलेले मूल ३, ८, १३, १८, २३ असे जाते आणि थोड्या वेळाने स्वतःच ओरडते की शेवटी एकदा तीन येतो, एकदा आठ. सातापासून दहा-दहा पुढे न्या: १७, २७, ३७… ९७. पुढे काय? बरीच मुले इथे ‘शंभर’ म्हणतात. त्याच क्षणी नववा गठ्ठा, दहावा गठ्ठा आणि भारा पुन्हा हातात द्यायचा, म्हणजे एकशे सात आपोआप येते.

भिंतीवर दहा-दहाच्या ओळींचा शंभरचा तक्ता असला तर गंमत आणखी वाढते. नऊच्या टप्प्यावरची घरे रंगवली की रंग डावीकडे तिरका उतरत जातो, कारण नऊ पुढे म्हणजे एक ओळ खाली आणि एक घर मागे. एकदा तिसरीच्या मुलांना तीनच्या टप्प्याचे फक्त एककाचे अंक लिहायला सांगितले: ३, ६, ९, २, ५, ८, १, ४, ७, ०. शेजारी सातच्या टप्प्याचे: ७, ४, १, ८, ५, २, ९, ६, ३, ०. शून्य सोडले तर दुसरी ओळ ही पहिलीच, उलटी! वर्ग गप्प झाला. एक मुलगी उठून म्हणाली, ‘बाई, सात म्हंजे दहा पुढं जायचं आन् तीन माघारी यायचं.’ तिच्या त्या वाक्यात स्थानिक किंमत आणि आकृतिबंध दोन्ही आले होते. दोन आणि आठ, चार आणि सहा यांच्याही अशाच जोड्या जमतात, त्या मुलांनी पुढे आपणहून शोधल्या.

पाढे पाठ हवेतच, यात शंका नाही. आधीच्या पिढ्यांनी पावकी, निमकी, दिडकी म्हणजे पाव, अर्धा, दीड यांचे पाढेसुद्धा घोकले आणि जन्मभर वापरले. पण त्या घोकण्याला रोजच्या मोजणीची जोड होती. कडबा मोजताना पाच पेंढ्यांचा पाचुंदा धरायचा, वीस पाचुंद्यांचा शेकडा. गंजीवर उभे राहून हे मोजणाऱ्या पोराला पाचाचा टप्पा वेगळा शिकवावा लागला नाही. आज जत, आटपाडी, माण, खटावकडे कडबा शेकड्यानेच विकला जातो. तो उतरवताना नातवंडांना सोबत उभे करून त्यांच्याकडून मोजून घ्यायला काय हरकत आहे?

तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला पायाभूत वाचन आणि गणित यावे, हे २०२१ साली सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाचे उद्दिष्ट आहे आणि त्याची मुदत २०२६-२७ ठरलेली आहे. केंद्रांच्या शिक्षण परिषदांत, म्हणजे आसपासच्या शाळांतल्या शिक्षकांच्या बैठकांत, माहिती भरण्याच्या सूचनांपेक्षा अशा प्रत्यक्ष पाठांना वेळ मिळावा. गणिताच्या पेट्या, मणीमाळा कपाटात कुलूपबंद असतील तर त्या खाली, मुलांच्या हाताला येतील अशा ठेवाव्यात. आणि पालकांना विनंती, की पाढे म्हणून दाखव असे सांगण्याआधी पोराला मूठभर शेंगदाणे द्या, दहा-दहाचे ढीग घालायला लावा आणि किती झाले ते लिहून दाखवायला सांगा.

आपली विश्वासू,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका,
कवठेमहांकाळ, जि. सांगली