लगेजच्या डब्यातल्या मावशींना

कसाऱ्याहून येताना कुर्ल्याच्या अलीकडे लोकल पाण्यात अडकली आणि रेटारेटीत माझी स्पिरिटची बाटली फुटली. आत रानहळदीची फुलं होती, बहुधा अजून कुठल्याच नोंदीत नसलेल्या जातीची. हळद-आल्याच्या कुळातली फुलं फार नाजूक. वाळली की पाकळ्यांचा आकारच जातो, आणि नव्या जातीचं वर्णन तर त्याच बारीक मोजमापांवर उभं असतं.

मावशी, तुम्ही काही न विचारता टोपलीतली मासळी बाजूला सारलीत, उरल्या बर्फावर ओला रुमाल पसरलात आणि एकेक फूल त्यावर अलगद ठेवलंत. दादरला उतरताना रुमाल बर्फासकट माझ्या डब्यात भरून दिलात. पैसे घेतलेच नाहीत! शेजारच्या काकांनी खाली बसून काचा वेचल्या.

फुलं शाबूत आहेत, मोजमापं सुरू झालीत. तुम्हा दोघांचे मनापासून आभार.