मा. मंत्री महोदयांस खुलं पत्र : 'निर्जीव' मिठागराविषयी

मा. मंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

मुरुमाची भरणी घालण्याआधी मिठागरांतल्या सूक्ष्मजीवांचे नमुने जपून ठेवू, असं आपण खाडीकाठच्या सभेत सांगितलंत. टाळ्याही घेतल्यात. आता बांधावर डंपर उभे आहेत आणि एकपानी अहवाल म्हणतो, 'वाफ्यांत जीवसृष्टी आढळली नाही.'

आढळेल कशी? नमुना डिस्टिल्ड वॉटरमध्ये पातळ केला! हॅलोबॅक्टेरियम या मिठातच जगणाऱ्या सूक्ष्मजीवाची पेशी साध्या पाण्यात फुटते. पातळ करायचं ते तितक्याच खाऱ्या पाण्यात. त्याला वाढवायच्या खाद्याला, म्हणजे माध्यमाला, लिटरमागे मीठ २५० ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट २०, सोडियम सायट्रेट ३, पोटॅशियम क्लोराइड २, पेप्टोन १०. तापमान ३७ ते ४२ अंश. तुमच्या लोकांनी माध्यमाच्या बशा, म्हणजे प्लेटा, ४८ तासांत फेकल्या. खाडीच्या नमुन्याला दोन-तीन आठवडे लागतात. (मिठागरातले जीव आगरावरच, म्हणजे माध्यम घट्ट करणाऱ्या जेलीवर, वाढवायचे, पण तोवर ती जेली सुकून वर मिठाचे खडे धरते, म्हणून प्लेटा प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधायच्या.) पिशवी केवढ्याला पडते, साहेब? उन्हाळ्यात वाफ्याला चढणारा लालसर रंग काय होळीचा उरलेला होता?

विषाणूंना तर क्लोरोफॉर्म पाजला. या जीवांना लागणाऱ्या एचआरपीव्ही-१ सारख्या विषाणूंचं आवरण स्निग्ध असतं. क्लोरोफॉर्मने ते विरघळतं, मग संसर्ग कसला दिसणार? मिठातल्या आर्कियाचा (जिवाणूंसारखे दिसणारे, पण वेगळ्या कुळातले जीव, हॅलोबॅक्टेरियमही त्यांतलाच) विषाणू १९७४ सालीच नोंदला गेलाय. पन्नास वर्षं झाली, फाइल अजून खाली आलेली नाही.

काही विषाणू तर पाण्यात तरंगतही नाहीत, यजमान पेशीतच दडून राहतात. केनियातल्या मगाडी तलावाच्या नॅट्रिआल्बा या आर्कियात फाय-सीएच-१ हा विषाणू गुणसूत्रातच बसलेला असतो, डीएनएच्या सुमारे ५८ हजार अक्षरजोड्यांचा. नॅट्रिनेमा या दुसऱ्या आर्कियातला एसएनजे-२ हा विषाणू टीआरएनएच्या (प्रथिनं बांधायला लागणाऱ्या रेणूच्या) जनुकात शिरतो. शिरताना जनुकाच्या टोकाची नक्कल सोबत आणतो, म्हणून यजमानाचं काम अडत नाही. हे गाळणीत सापडत नाहीत. आधी यजमान वाढवा, जनुकसंच वाचा, टीआरएनएच्या जनुकाशेजारी इंटिग्रेजचं (विषाणूला गुणसूत्रात घुसवणाऱ्या प्रथिनाचं) जनुक आणि विषाणूच्या दोन्ही टोकांना तीच डीएनए-अक्षरं शोधा. मग पीसीआरने (डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या नकला काढणाऱ्या चाचणीने) खात्री करा : तुकड्याचं टोक ठरवणारा एक प्रायमर यजमानात, दुसरा विषाणूत. मुरुमाखाली पेशी गेली की हा भाडेकरूही गेला.

पण हे करणार कोण? तपासणीचे पैसे भरणी करणाराच देतो, काम सगळ्यात स्वस्त निविदेला, सही तिसऱ्याची, आणि अर्जाला उत्तर 'पुढील कार्यवाहीस्तव सादर'. आम्ही हिशेब मांडलेला नाही, पण भूमिपूजनाच्या एका मांडवाच्या खर्चात एवढ्या चाचण्या दोनदा झाल्या असत्या. १९३० साली शिरोड्यात लोकांनी मिठासाठी लाठ्या खाल्ल्या. त्या सरकारला मीठ निदान मोलाचं तरी वाटत होतं!

महिनाभर भरणी थांबवा. तेही जमणार नसेल तर प्रत्येक वाफ्यातलं मूठभर खडे मीठ तरी बाटलीत भरून, तारीख आणि वाफ्याचा नंबर लिहून ठेवा. खड्यात अडकलेल्या खाऱ्या थेंबात हे जीव महिनोन्महिने तग धरतात. त्याला फ्रीज लागत नाही, निविदाही नाही.

आपले,
खाडीकाठचे सूक्ष्मजीवशास्त्राचे शिक्षक