मृगाआधीचं पत्र

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

बाबा, आधीच सांगून टाकतो. सहा एकर सोयाबीन यंदा एका दिवसात पेरायचं नाही, आणि मृग लागला म्हणून तर नाहीच. ट्रॅक्टरवाल्याशी माझं बोलणं झालंय. रागावू नका. तुमचा आभाळाचा अंदाज चुकत नाही, पण पहिल्या सरीनंतर पाऊस दडी मारतो तेव्हा कुणाचंच चालत नाही. गडबडीत वाद होतात, म्हणून आत्ताच ठरवून ठेवलेलं बरं.

आई, सरळ काठांचा तो पोह्यांचा डबा अंगणात मोकळ्यावर ठेव. रोज सकाळी पट्टी उभी धरून पाणी मोज, कॅलेंडरवर लिही, मग ओतून दे. चार-पाच दिवसांत साडेसात ते दहा सेंटिमीटर, म्हणजे ७५ ते १०० मिलिमीटर भरले की वाफसा, म्हणजे चिखल जाऊन आत ओल राहिलेली माती, बघून पेरा. ५० मिलिमीटरवरच भावकी तिफणी घेऊन पेरायला निघाली तरी थांबायचं. नुसती वरची माती भिजली तर बी फुगतं आणि जागीच मरतं.

बी घरचंच आहे, म्हणून १०० दाणे ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींत मांडून गुंडाळी करा. सावलीत ठेवून सहा-सात दिवस ओल टिकवा. ७० उगवले तर एकरी ३० किलो, ६५ असतील तर ३२. त्याखाली गेलं तर फोन करा, विकत आणू. पोती आपटू नका, सोयाबीनचं साल पातळ असतं. बियाला बुरशीनाशक आधी लावा, रायझोबियमचं जिवाणू खत शेवटी.

पहिल्या दिवशी विहिरीकडचे तीनच एकर. उरलेलं पाच-सहा दिवसांनी, म्हणजे जोराच्या पावसाने मातीवर कडक पापडी धरून कोंब अडकले तरी निम्मं रान हातात राहतं. दहा दिवसांनी मीटरभर तासात, म्हणजे पेरलेल्या ओळीत, रोपं मोजा. वीसच्या आसपास हवीत, बारा-तेरा असली तर नांगे, म्हणजे रिकाम्या जागा, बी टोकून भरा. १५ जुलै उलटली की सोयाबीन बंद, उरलेल्या रानात तूर. उशिरा पेरलं त्या साली काय झालं ते आपल्याला माहीत आहे.

पेरणीला मी नाही, हे मनाला लागतंच. पहिला पाऊस पडला की अजून तुमच्या सदऱ्याचं टोक धरून ओल्या तासातून चालावंसं वाटतं. पण बाबा, तुम्ही बांधावर खुर्ची टाकून बसायचं, ट्रॅक्टरमागे चालायचं नाही. गड्यांची मजुरी पाठवली आहे. मोटारीला ऑटो स्टार्टर बसवलाय, रात्री विहिरीवर जायचं कारण नाही.

आई, सकाळी डबा मोजलास की तेव्हाच बाबांना बीपीची गोळी देत जा. दोन्ही कॅलेंडरवर लिही, मी रोज विचारणार आहे.

तुमचा,
बाळू