मेस्क्लिनचे मास्तर

दारव्हा, जि. यवतमाळ
१० जून

प्रिय दिगंबर,
सप्रेम नमस्कार.

शाळा उघडायला अजून अवकाश आहे, म्हणून सविस्तर लिहितो. दहावीचा पहिलाच धडा गुरुत्वाकर्षणाचा, आणि पोरं ९.८ हा आकडा पाठ करून मोकळी होतात, अशी तुझी तक्रार. यंदा त्यांना हॅल क्लेमंट सांग. विज्ञानकथा लिहिणारा अमेरिकी लेखक, आणि आपल्याच धंद्यातला, मास्तर माणूस.

खरं नाव हॅरी क्लेमंट स्टब्ज. जन्म १९२२चा, अमेरिकेतल्या सॉमरव्हिलचा. हार्वर्डला खगोलशास्त्र शिकत असतानाच १९४२ मध्ये 'अस्टाउंडिंग' मासिकात पहिली कथा आली. महायुद्धात बी-२४ बॉम्बफेकी विमानातून युरोपवर ३५ मोहिमा केल्या, आणि पुढे मिल्टन अकॅडमी या शाळेत अनेक वर्षं विज्ञान शिकवलं. १९९९ मध्ये अमेरिकी विज्ञानकथाकारांच्या संघटनेनं 'ग्रँड मास्टर' हा सन्मान दिला. २००३ मध्ये ते गेले. चरित्र एवढं पुरे. पोरांना द्यायचं ते त्यांचं काम.

क्लेमंट आधी ग्रह मांडायचे, गणित करायचे, आणि त्या गणितातून निघेल तीच गोष्ट लिहायचे. वाचकानं चूक शोधायची, लेखकानं ती सापडू द्यायची नाही, असा तो उघड डाव होता. १९५३ची 'मिशन ऑफ ग्रॅव्हिटी' ही त्यांची सगळ्यात गाजलेली कादंबरी. तिचा ग्रह मेस्क्लिन, वस्तुमान गुरूच्या १६ पट. हा आकडाही मनचा नव्हता. ६१ सिग्नी या ताऱ्याला एवढ्या वस्तुमानाचा अदृश्य जोडीदार असावा, असं तेव्हा एका खगोलशास्त्रज्ञानं मांडलं होतं. नंतर तो जोडीदार खरा ठरला नाही, पण कादंबरी टिकली.

मेस्क्लिनचा दिवस पावणेअठरा मिनिटांचा. एवढ्या वेगानं फिरल्यामुळे ग्रह चपटा: विषुववृत्तावर व्यास ४८,००० मैल, ध्रुवांमधून जेमतेम २०,०००. विषुववृत्तावर वजन पृथ्वीच्या ३ पट, ध्रुवावर ७०० पटीच्या घरात. समुद्र मिथेनचे, हवा हायड्रोजनची.

हे गणित फळ्यावर असं घे. गुरूचं वस्तुमान १.९ गुणिले १० चा २७वा घात किलो, त्याच्या १६ पट घ्यायची. विषुववृत्ताची त्रिज्या ३८,६०० किमी, पण आधी मीटर करायला लाव. निम्मी पोरं इथेच घसरतात. ओढीचं त्वरण, म्हणजे G गुणिले वस्तुमान, भागिले त्रिज्येचा वर्ग, येतं १३६१ मीटर प्रति सेकंद वर्ग. मग अभिकेंद्री त्वरण: ४ पाय वर्ग गुणिले त्रिज्या, भागिले काळाचा वर्ग. काळ १०६५ सेकंद घेतला तर १३४४. वजाबाकी उरते १७, म्हणजे पृथ्वीच्या पावणेदोन पट, पुस्तकातले ३ नाहीत. आता कोणीतरी सोयीसाठी १८ मिनिटं धरेलच. त्याला थांबवू नकोस. त्याचं उत्तर साडेपाच पट येईल. दोन मोठ्या, जवळजवळ सारख्या संख्यांची वजाबाकी असली की १५ सेकंदांची सूटही उत्तर तिप्पट करते, हे त्या पोराला जन्मभर पुरेल.

ध्रुवाचं गणित याच सूत्रानं केलं तर ८०० पट येतं. इथे सूत्रच अपुरं पडतं. गोल ग्रहाचं वस्तुमान केंद्रात एकवटलंय असं धरलेलं चालतं, चपट्याचं चालत नाही. त्याचा पुष्कळ भाग ध्रुवापासून बाजूला दूर पसरलेला असतो आणि तो खाली नाही, तिरका ओढतो. अमेरिकेतल्या एमआयटीतल्या विज्ञानकथाप्रेमी विद्यार्थ्यांनी नेमका असाच हिशेब मांडून मेस्क्लिनचा आकारच चुकलाय असं दाखवलं. ध्रुवावरचा आकडा पुढे पावणेतीनशेच्या आसपास उतरला आणि क्लेमंटनी तो मान्य केला. मला त्यांच्याबद्दल सगळ्यात जास्त आदर याच गोष्टीसाठी वाटतो.

तिथले रहिवासी गोमीसारखे लांबट, दीडेक फुटाचे. उंचीला ते जिवापाड भितात. का, ते पोरांनाच काढू दे: ७०० पट ओढीत १५ सेंटिमीटरवरून पडणं म्हणजे आपल्याकडे १०५ मीटरवरून पडणं. जमिनीवर आदळताना वेग ताशी १६० किमीच्या वर. एवढं काढल्यावर हे लोक उडी का मारत नाहीत, हे सांगावं लागत नाही. त्यांचा कप्तान बार्लेनन माणसांना मदत करतो, आणि शेवटी मोबदला मागतो तो विज्ञान शिकवण्याचा, मुळापासून. हा सौदा मास्तरालाच सुचावा.

चपटेपणा दाखवायला जुन्या एक्स-रे फिल्मच्या दोन पट्ट्या काप, ३५ सेंमी लांब, २ सेंमी रुंद. मध्यावर फुलीसारख्या ठेवून भोक पाड, चारही टोकं वर एकत्र आणून त्यांनाही भोक पाड आणि सायकलचा स्पोक आरपार घाल. खालचं भोक एम-सीलनं स्पोकला पक्कं कर. वरचं मात्र सैल हवं. ते अडकलं तर गोल चपटा होतच नाही, आणि प्रयोग फसतो तो बहुतेक वेळा इथेच. जाड पुठ्ठा घेऊ नकोस, तो वाकत नाही. मग रवीसारखा तळव्यांत फिरव.

'आइसवर्ल्ड' या दुसऱ्या कादंबरीतलं एक सांगतो. तिचा नायक विज्ञानशिक्षकच, पण वायुरूप गंधक श्वासात घेणारा. गंधक ४४५ अंशांना उकळतं. म्हणजे आपल्या चंद्रपूरच्या मे महिन्यातले ४७ अंश त्याच्यासाठी जीवघेणी थंडी! हे वाक्य वर्गात टाक आणि गप्प बस, प्रश्न आपोआप येतील.

विज्ञान मंडळासाठी लोणार घे. विवराचा व्यास सुमारे १.८ किमी, तळ्याचं पाणी खारं आणि अल्कधर्मी, सामू १० च्या आसपास, भोवती बेसाल्ट. २०२० मध्ये क्षारप्रिय सूक्ष्मजीवांमुळे ते गुलाबी झालं होतं, ते पोरांना आठवेल. त्या पाण्यालाच साधं पाणी मानणारा प्राणी कल्पायचा. आपल्या विहिरीचं पाणी त्याच्या अंगाला काय करेल? तो तहान कशानं भागवेल? बदल एकच करायचा, बाकी सगळे नियम आहेत तसेच. हिशेब वहीच्या मागच्या पानावर दिसला पाहिजे. वह्या अदलाबदल करून जो दुसऱ्याची चूक शोधेल त्यालाही तेवढेच गुण दे.

पट्ट्या मी कापून ठेवतो, स्पोक तू आण. वहिनींना नमस्कार.

तुझा,
विलास