मॅरियनची बातमी गमतीची नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात शेवटच्या पानावर 'उंदरांना हेलिकॉप्टरमधून मेजवानी' ही चौकट वाचली. दक्षिण आफ्रिकेच्या मॅरियन बेटावर उंदीर मारायला हेलिकॉप्टरमधून विषाच्या गोळ्या टाकायच्या बेताची ही बातमी गमतीच्या सदरात टाकावीशी तुम्हाला वाटलीच कशी?

मी बावीस वर्षं जहाजावर काढली. आफ्रिकेच्या टोकाच्या केपच्या दक्षिणेला खवळलेल्या समुद्रात एक भटका अल्बाट्रॉस, म्हणजे मोठा समुद्रपक्षी, तीन दिवस आमच्या मागे होता. एका सकाळी मी चहाचा मग धरून उभा होतो, तर तो रेलिंगला लागूनच आला. पसरलेले पंख तीन मीटरचे आणि एकदाही फडफड नाही. नेहमी ओरडणारा आमचा सारंग गप्प उभा राहून बघत होता.

तो पक्षी असल्याच बेटांवर घरटं करतो. दोन वर्षांत एकच अंडं, आणि पिल्लू अख्खा हिवाळा उघड्यावर बसून. सीलच्या शिकारी जहाजांतून दोनशे वर्षांपूर्वी मॅरियनवर उतरलेले, आपल्या घरात दिसतात तसलेच छोटे उंदीर रात्री त्याच्या अंगावर चढतात आणि डोक्याचं मांस जिवंतपणी कुरतडतात. पिल्लू जागचं हलत नाही, कारण जमिनीवरून येणारा शत्रू त्याच्या जातीने कधी पाहिलेलाच नाही. २०२३ मध्ये पूर्ण वाढ झालेले पक्षीही असे मेलेले सापडले. १९४९ मध्ये उंदरांवर उपाय म्हणून पाच मांजरं नेली, त्यांची हजारो झाली आणि त्यांनी पक्षीच फस्त केले. शेवटचं मांजर संपायला १९९१ उजाडलं.

विषाच्या गोळ्यांनी काही इतर पक्षीही मरतील, ते मलाही बोचतं. पण दक्षिण अटलांटिकमधलं साउथ जॉर्जिया बेट याच मार्गाने २०१८ मध्ये उंदीरमुक्त जाहीर झालं आणि तिथला पिपिट हा छोटा पक्षी पुन्हा घरटी करू लागला.

आणि तुमचा नकाशा! हिंदी महासागर मॉरिशसखालीच कापलाय. त्याखाली मॅरियन, क्रोझे, केर्गेलेन, हर्ड ही ज्वालामुखींची बेटं आहेत. हर्डवरचा जागता ज्वालामुखी २,७४५ मीटर, कळसूबाईहून हजार मीटरने उंच. वास्कोच्या ध्रुवीय संशोधन केंद्राची माणसं याच दक्षिणी समुद्रात मोहिमांवर जातात.

ही बातमी पुन्हा, नीट, आतल्या मोठ्या जागेत छापा. पूर्ण नकाशासकट.

आपला,
एक निवृत्त खलाशी, रत्नागिरी